वीस टक्के मोकळी जागा

विजेच्या पॅनेलला वास असतो, हे मला डिप्लोमाच्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. तो धडा मला मुळशी तालुक्यात, घोटवड्याच्या बाजूला रबरी नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात मिळाला. पॅनेल माझंच होतं, म्हणजे आतल्या प्रत्येक वस्तूची जागा मी ठरवलेली होती. पावसाळ्यात काहीतरी किरकोळ तक्रार आली म्हणून गेलो, दार उघडलं, आणि ओले मोजे, बोंबलाची चटणी, गुटखा आणि भाजलेली पाल यांचा मिळून एक भपकारा तोंडावर आला. मी दोन पावलं मागे सरकलो.

ही हकीकत खरं तर एका माणसाच्या उजव्या हाताची आहे. त्या हाताचं काय झालं आणि त्यात माझा वाटा किती, हे मला सांगायचं आहे. पण सुरुवात मोज्यांपासूनच करावी लागेल, कारण माझं डोकं फिरायला सुरुवात तिथूनच झाली.

दोन हजार सालच्या आसपास मी पिरंगुटच्या एका शेडमध्ये कामाला होतो. आम्ही कारखान्यांसाठी कंट्रोल पॅनेल बनवायचो. ज्यांनी पॅनेल पाहिलं नाही त्यांनी गोदरेजच्या कपाटाएवढं एक लोखंडी कपाट डोळ्यांसमोर आणावं. आत साड्यांऐवजी एक पत्र्याची प्लेट असते, केशरी रंगाची, आणि त्या प्लेटवर मेन स्विच, फ्यूज, मोटारी चालू-बंद करणारे कॉन्टॅक्टर, ट्रान्सफॉर्मर, मोटारींचा वेग बदलणारे ड्राइव्ह अशा पन्नासशंभर वस्तू बसवलेल्या असतात. कुठली वस्तू कुठे बसवायची हे ठरवणं माझं काम. त्याला आम्ही लेआउट म्हणायचो.

माझी पद्धत अशी. रिकामी प्लेट दोन लाकडी घोड्यांवर, म्हणजे तिवयांवर, आडवी टाकायची, कमरेच्या उंचीला. प्रत्येक वस्तूच्या मापाचा पुठ्ठा कापून ठेवलेला असायचा. ते पुठ्ठे प्लेटवर मांडायचे, सरकवायचे, चारी बाजूंनी फिरून बघायचे, पुन्हा सरकवायचे. जड ट्रान्सफॉर्मर खाली. तापणारा ड्राइव्ह असा, की त्याच्या डोक्यावर हवा जायला वाट राहील. मेन स्विच वर उजवीकडे. वायरींसाठी मधून पट्टीसारखे डक्ट. सगळं जमलं की स्क्रायबरने रेघा ओढायच्या, भोकं पाडायची आणि वस्तू बसवायच्या. माझ्या रेघा काटकोनात असत. एक कॉन्टॅक्टर दुसऱ्याच्या सरळ रेषेत नसेल तर मला जेवण जात नसे.

घरी बावधनला भाड्याच्या दोन खोल्या होत्या. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी एका रविवारी स्वयंपाकघरातले सगळे डबे उतरवून उंचीप्रमाणे लावले. अगदी दृष्ट लागावी असे. बायको बाहेरून आली, तिने फळीकडे बघितलं, आणि चहासाठी साखर काढायला तिला स्टूल घ्यावं लागलं. "चहा कुणी करायचाय?" तिने विचारलं. "डब्यांनी, की मी?" संध्याकाळपर्यंत डबे पूर्वीच्या जागी गेले. मी आठवडाभर फुगून बसलो होतो. तिच्या त्या प्रश्नातून मी काही शिकलो असतो तर पुढचं टळलं असतं.

आता मोकळ्या जागेचं. मोठी कंपनी पॅनेलची ऑर्डर देते तेव्हा त्यात एक कलम ठरलेलं असतं, वीस टक्के जागा मोकळी सोडावी. पुढेमागे मशीन वाढलं, दोनचार वस्तू आणखी लागल्या, तर त्या कुठे बसवणार, म्हणून. मी ती जागा नेहमी खाली उजवीकडे सोडायचो, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी. कुणाला ती रिकामी वाटली असेल, पण माझ्या लेखी सगळ्या प्लेटवरची ती सर्वांत देखणी जागा होती, रांगोळीभोवती सारवलेलं अंगण सोडतात तशी. आणि त्या जागेत, त्या पावसाळ्यात, मी काय पाहिलं?

खाली दोन जेवणाचे डबे, एकाचं झाकण सैल. डक्टच्या पट्टीवर ओळीने आठदहा मोजे, त्यातले काही मूळचे पांढरे असावेत. एक लुंगी. एक टॉवेल. ट्रान्सफॉर्मरवर घडी करून ठेवलेली बनियन, इस्त्री केल्यासारखी तापलेली. रबरी हँडग्लोजची एक काळी जोडी, तोंडं खाली करून वायरीच्या गुच्छाला अडकवलेली. कोपऱ्यात गुटख्याची पिंक, जुनी आणि नवी. आणि वरच्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये आडवी होऊन मेलेली एक पाल. तिच्यामुळेच ती किरकोळ तक्रार आली होती. उबेला झुरळं येतात, झुरळांच्या मागे पाल येते, आणि पालीच्या मागे मी, मोटारसायकलवरून, रेनकोटात.

"हे कुणाचं आहे सगळं?" मी ओरडलो.

"आमचंच हाय, साहेब," मागून आवाज आला. "गरम ऱ्हातंय वो तितं."

कारखान्याचे वायरमन होते ते. पन्नाशीचे, मुळा खोऱ्यातल्या एका गावातून सायकलवर येणारे, कंत्राटावर. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही मामा म्हणायचो. अंगाने रुंद, आणि हात तर असे, की स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या मुठीत काडीसारखा दिसायचा. माणूस कामाचा पक्का. पण त्या दिवशी मला त्यांचं काम दिसत नव्हतं, मोजे दिसत होते.

"मामा, ही काय कपडे वाळत घालायची जागा आहे? चारशे चाळीस व्होल्ट आहेत आत!"

"ते वरच्या अंगाला. हितं खाली काय न्हाई. मोकळीच हाय की जागा."

"मोकळी आहे म्हणून घाण करायची?"

मामा थोडे ओशाळले. "पावसाचं लई भिजतंय, साहेब. परमनंटवाल्यांना कपाटं हायेत, पंख्याची खोली हाय. आमाला कुटं हाय? आठ तास वल्या पायानं हुबं ऱ्हायचं म्हंजी..."

मी ऐकून घेतलं नाही. सांगतोय ते खरं सांगतोय, मला शब्द ऐकू आले, पण मी ऐकून घेतलं नाही. दोन बोटांच्या चिमटीत एकेक मोजा धरून मी बाहेर टाकला. लुंगी टाकली, बनियन टाकली, हँडग्लोज टाकले. डबे उचलताना झाकण सुटलं आणि चटणी माझ्या एका बोटाला लागली. ते बोट मी घरी जाईपर्यंत अंगापासून लांब धरलं होतं, क्लच दाबतानासुद्धा. साबणाने तीनदा धुतलं तरी रात्री जेवताना वास आला, आणि मी ताटावरून उठलो.

कारखान्याच्या मॅनेजरकडे तक्रार केली. ते हसले. "अरे, चलता है यार. पावसाळ्यात सगळीकडे असंच असतं. चहा घेणार?" मी पॅनेलच्या आत छापील कागद चिकटवला, येथे कोणतीही वस्तू ठेवू नये. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्या कागदाच्या वरच्या स्क्रूला टॉवेल टांगलेला होता. कागद दिसत नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

हे तीन पावसाळे चाललं. मी जायचो, शिसारीने नाक आक्रसायचो, बाहेर फेकायचो, मामा गुपचूप उचलून घ्यायचे. एकदा तर पॅनेलमध्ये उंदरीण व्यालेली निघाली, कुणाच्या तरी मफलरमध्ये. त्या दिवशी मी मामांना सगळ्यांसमोर म्हणालो, "तुम्हा लोकांना घाणीतच राहायची सवय आहे." हे वाक्य मी म्हणालो. तेव्हा मी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा होतो आणि माझ्या खिशात इस्त्रीचा रुमाल असायचा.

मग त्या कारखान्याने नळ्या बनवायची जुनी लाइन मोडून नवी टाकायची ठरवली. जुनं पॅनेल भंगारात, नवं आमच्याकडूनच. ऑर्डर आली तेव्हा मला जो आनंद झाला, त्याचं कारण मी आमच्या शेडच्या मालकांना सांगितलं नाही. मी मनात ठरवलं होतं, या खेपेला मोज्यालाच काय, सुतळीच्या तुकड्यालाही जागा ठेवायची नाही.

हजारऐवजी आठशे मिलिमीटर रुंदीचं कपाट घेऊ, असं मीच सुचवलं. मालक खूश. वीस टक्क्यांचं कलम त्यांनी मॅनेजरशी फोनवर बोलून मिटवलं. लाइन नवीच आहे, आता कशाला वाढणार, असं ठरलं. मी पुठ्ठे घेऊन बसलो. इतक्या ईर्ष्येने मी कधीच लेआउट केला नसेल. खालची उजवी जागा वायरी जोडायच्या टर्मिनलनी भरून काढली. ट्रान्सफॉर्मर बाजूच्या भिंतीला इतका भिडवला की त्याच्या डोक्यावर बनियन ठेवायची तर आधी तिची वात वळावी लागली असती. एवढं करून कंट्रोलचे सहा फ्यूज उरले. त्यांना जागा उरली फक्त वर, मेन स्विच आणि कपाटाची भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पॅनेलचा मेन स्विच बंद केला की खालचं सगळं निर्जीव होतं. पण त्या स्विचच्या डोक्यावर बाहेरून येणाऱ्या विजेच्या तीन तांब्याच्या पट्ट्या असतात, त्या जिवंतच राहतात. त्या मारायच्या तर अख्ख्या कारखान्याची वीज बंद करावी लागते, आणि एका फ्यूजसाठी कुठला मॅनेजर ते करू देतो? म्हणून त्या पट्ट्यांवर पारदर्शक ॲक्रिलिकचं झाकण लावतात, दोन स्क्रूंनी. झाकण आहे तोवर हात सुखरूप. माझे सहा फ्यूज त्या झाकणाला अगदी खेटून होते.

आमच्याकडे वायरिंगला भूगावच्या एक ताई होत्या. दहा वर्षांचा अनुभव, आणि बांगडी सुटून पडेल असं बारीक मनगट. त्यांनी त्या फ्यूजना वायरी जोडल्या आणि मला बोलावलं.

"साहेब, हे फ्यूजचं आतल्या अंगाचं स्क्रू लई आत गेलंत. माजा हात जातुया. पन गड्याचा हात जायचा न्हाई झाकन काढल्याबिगर."

"तुमचा जातोय ना?"

"माजा जातुया. आत्ता पलेट भाईर हाय, मी ह्या बाजूनं घातला. कपाटात बसल्यावं ही बाजू कुटनं ईल?"

खरं होतं. घोड्यांवर आडवी टाकलेली प्लेट चारी बाजूंनी आपली असते. कपाटात उभी राहिली की ती फक्त समोरून आपली. लेआउट करणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या वर्षी कळतं, मलाही कळलेलं होतं. पण प्लेट इतकी सुंदर दिसत होती. केशरी रंग जेमतेम कडेला दिसत होता, बाकी सगळं भरगच्च आणि सरळ रेषेत. आणि त्यातून मला तो टॉवेल दिसत होता, टांगायला खिळा शोधत फिरणारा.

"फ्यूज काय रोज जातो का, ताई?" मी म्हणालो. "करा पुढचं."

ताईंनी केलं. तपासणीच्या कागदावर 'दुरुस्तीसाठी हात पोहोचतो' असा एक रकाना होता, त्यात मी बरोबरची खूण केली.

पॅनेल बसवायच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. नारळ फोडून झाला, मॅनेजरांनी दाराला हळदकुंकू लावलं. मी दार उघडून मामांना बोलावलं. माझ्या तोंडावर काय भाव असेल ते आठवलं तरी आज मला आरशात बघवत नाही.

"बघा मामा. आता ठेवा मोजे."

मामांनी वाकून बघितलं, खाली, बाजूला, वर. मग त्यांनी फ्यूजच्या पट्टीकडे हात नेला. बोटांची पेरं आत गेली, पंजा भिंतीला अडला. त्यांनी हात आडवा केला, पालथा केला, परत काढला.

"साहेब, हितं हात कसा जायचा?"

"झाकण काढायचं, काम करायचं, झाकण परत लावायचं. दोन तर स्क्रू आहेत."

"आन् पट्ट्या जिवंत असतील तवा?"

"हँडग्लोज घाला की. तुमच्याकडे आहेत ना?"

मामांनी त्या भरलेल्या पॅनेलकडे एकदा पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "व्हय. हायेत." मला वाटलं, जिरली. मी मोटारसायकलवर शीळ घालत परत आलो.

तो पावसाळा मुळशीतल्या इतर पावसाळ्यांसारखाच होता. भिंतींना ओल, कागद मऊ, पत्र्याला घाम. अशा हवेत मशीनवरच्या छोट्या स्विचांमध्ये पाणी शिरतं आणि कंट्रोलचा फ्यूज जातो. रोज काय जातो, असं मी विचारलं होतं. त्या ऑगस्टमध्ये जवळजवळ रोजच, काही दिवस तर शिफ्टमध्ये चारचारदा, जात होता, हे मला मागाहून कळलं. मामांनी दोन स्क्रूंचं झाकण पहिले काही दिवस काढलं आणि लावलं. मग एक स्क्रू कुठेतरी पडला. मग झाकण पॅनेलच्या माथ्यावर राहायला लागलं. शिफ्टमध्ये चार वेळा जे काढावं लागतं ते कुणी लावत नाही. मीही लावलं नसतं.

फोन दुपारी आला. मालकांनी घेतला, ऐकला, आणि माझ्याकडे बघत खाली ठेवला. "तुझ्या पॅनेलमध्ये शॉर्ट होऊन फ्लॅश झालाय. वायरमनचा हात गेला."

मी पोहोचलो तोवर मामांना पुण्याला हलवलं होतं. पॅनेलचं दार उघडंच होतं. मेन स्विचची वरची बाजू काळी पडली होती, तांब्याच्या दोन पट्ट्यांच्या कडा वितळून गोल झाल्या होत्या. मामांच्या स्क्रू-ड्रायव्हरने त्या दोन पट्ट्या एकमेकींना जोडल्या होत्या. त्याची नुसती प्लास्टिकची मूठ खाली टर्मिनलांवर पडली होती. या वेळी वास होता तो जळालेल्या प्लास्टिकचा आणि आणखी कशाचा तरी. त्या कशाचं तरी नाव मला माहीत होतं. मी बाहेर जाऊन पत्र्याच्या भिंतीला धरून ओकलो. ओकताना मनात आलं ते असं, की त्या पॅनेलमध्ये एकही मोजा नव्हता. अगदी स्वच्छ होतं ते.

परत आत आलो. मॅनेजर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होते. झाकण काढून ठेवलं होतं, हँडग्लोज घातले नव्हते, म्हणजे चूक कुणाची ते उघड आहे. मी विचारलं, "हँडग्लोज कुठेत त्यांचे?" एका कामगाराने खिडकीकडे बोट केलं. गजांना ते दोन काळे हँडग्लोज टांगलेले होते, तोंडं खाली करून. बाहेरून पावसाची झड त्यांच्यावर येत होती. मी हात लावून बघितले. आतून गच्च ओले होते.

"वाळतच न्हवते," तो कामगार म्हणाला. "पयल्या पॅनलमदी मामा ठिवायचे. रातच्यात कडक व्हायचे."

तीन पावसाळे मी ती जोडी मोज्यांबरोबर चिमटीत धरून बाहेर फेकली होती. त्या सगळ्या घाणीत तेवढीच एक गोष्ट योग्य जागी होती. वीजवाल्याला हँडग्लोज कोरडे लागतात. त्यांच्याकडे ते कोरडे करायला अख्ख्या कारखान्यात एकच उबदार जागा होती, आणि ती मी टर्मिनलनी बुजवली होती, काटकोनात.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला कारखान्याला द्यायचं पत्र लिहायला बसवलं. लेआउट मंजूर नकाशाप्रमाणे आहे. संरक्षक झाकण पुरवलेले होते. ते वापरकर्त्याने काढून ठेवले होते. सुरक्षासाधने वापरलेली नव्हती. चार वाक्यं, चारही खरी. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून मीच ते हाताने लिहिलं आणि खाली सही केली. सही करताना जी किळस आली तशी मला कधी पालीचीही आली नाही, उंदरांच्या पिलांचीही नाही. आणि तरीही मी सही केली. हे वाक्य कसंही फिरवून लिहिलं तरी असंच राहतं.

मामांच्या उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. उरलेली दोन वाकत नव्हती.

शेडमध्ये मी त्यानंतर एक नियम केला. प्लेट कपाटात बसली की शेडमधल्या सर्वांत जाड हाताच्या माणसाला बोलवायचं आणि प्रत्येक स्क्रूपर्यंत त्याचा हात समोरून जातो का ते बघायचं. जिथे जाणार नाही तिथे लेआउट पुन्हा. मालक कुरकुरले, मग गप्प बसले. ताई पहिल्यांदा ते बघत होत्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामांकडे जायला मला सहा महिने लागले. धीर गोळा करत होतो असं बायकोला सांगायचो. खरं म्हणजे टाळत होतो. शेवटी तिनेच एका रविवारी विचारलं, "जाणार आहेस, की नाही?" तेव्हा निघालो. पौडच्या पुढे आत वळून गाव लागतं. मामा अंगणात बसले होते, हात मांडीवर, वर पंचा टाकलेला.

"या साहेब," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मी राग शोधत होतो, तो असता तर मला सोपं गेलं असतं.

मी बरीच जुळवाजुळव करून आलो होतो. माझ्या लेआउटमुळे झालं, मी ताईंचं ऐकायला हवं होतं, पत्र मी लिहिलं, वगैरे. त्यातलं निम्मं अडखळत सांगितलं. मामा ऐकत होते. मग मी मूर्खासारखं विचारलं, "पण मामा, ओले तर ओले, हँडग्लोज घालायचे ना."

"वला घालण्यापरीस न घातल्याला बरा, साहेब. तुमाला ठावं हाय ते." पंचा सारखा करून ते म्हणाले, "वाळवाय जागा न्हाई राह्यली. तुमी तरी काय करनार. तुमचं काम तुमी चांगलंच केलं व्हतं. लई नीट दिसत व्हतं."

मामींनी जेवूनच जा म्हणून धरलं. मी नको म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही. ओट्यावर दोन ताटं आली. भाकरी, आमटी, भात, आणि कडेला बोंबलाची चटणी. तोच वास. माझ्या बोटाला लागला होता तोच. मी घास केला आणि तोंडात घातला. चटणी चांगली होती, झणझणीत, लसूण घातलेली. इतकी वर्षं मी तिला घाण म्हणत आलो होतो.

मामांनी अजून ताटाला हात लावला नव्हता. मी म्हटलं, "सुरू करा ना." त्यांनी ताट डाव्या हाताने उचललं, उठले, ओट्याच्या पलीकडच्या टोकाला गेले आणि माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले.

"असं काय, मामा?"

"डाव्या हातानं खातोय न्हवं आता," ते मागे न बघता म्हणाले. "तुमाला किळस येती, साहेब. ठावं हाय मला."

मी ताटातलं संपवलं. आपलं ताट उचलून त्यांच्या शेजारी जाऊन बसावं, हे मला परत येताना, घर जवळ आल्यावर, चांदणी चौकात सुचलं.